कासवाचं कॅल्शियम आणि घरातली सल्लागार मंडळी

मैत्रिणींनो, आजकाल कुठल्याही घरात जा, चार बायका जमल्या की पाचव्या मिनिटाला विषय कॅल्शियमवर येतोच. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाच्या सासूबाईंचं मोडलेलं मनगट! जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी गोळ्यांची बाटली असणं हे आता मिठाच्या भांड्याइतकंच ठरलेलं. त्यामुळे त्या बाटलीचा धाकच कुणाला उरलेला नाही. "कॅल्शियमच तर आहे, घेतलं तर बिघडलं कुठं?" हे वाक्य आपण सर्रास ऐकतो आणि बोलतोही.

या वाक्यात किती धोका आहे, हे आमच्या घराला एका कासवानं शिकवलं. हसू नका! कासवाची गोष्ट असली तरी ती आपल्या औषधांच्या कपाटाचीही आहे.

आमचं घर स्वारगेटला, एस.टी. स्टँडपासून चालत सात-आठ मिनिटांवर. जुनी तीनमजली इमारत, पुढं चिंचोळी गॅलरी, आणि समोर आता उंच इमारत झाल्यामुळे ऊन येतं ते सकाळी तासभर, तेही पाहुण्यासारखं. २०२३ सालच्या जूनमध्ये आमचा भाचा नोकरीसाठी बंगलोरला निघाला आणि जाताना काचेची एक पेटी आमच्या दिवाणखान्यात ठेवून गेला. "मामी, आठच दिवस सांभाळ, मग मी घेऊन जातो." ते आठ दिवस अजून संपलेले नाहीत.

पेटीत माझ्या तळहाताएवढं एक कासव होतं. हिरवट पाठ, डोळ्यांच्या मागं दोन्हीकडे लाल पट्टा. दुकानात याला रेड इअर्ड स्लायडर म्हणतात. मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या मुलखातलं. आपल्याकडे 'लकी कासव' म्हणून रुपयाच्या नाण्याएवढं असताना विकतात आणि घेणाऱ्याला वाटतं, ते तेवढंच राहणार. प्रत्यक्षात त्याची मादी फूटभर लांब होऊ शकते आणि नीट सांभाळलं तर हे प्राणी तीस-तीस वर्षं जगतात. म्हणजे लग्न होऊन आलेल्या सुनेनं आणलेलं कासव तिच्या सुनेच्या हाती जायचं!

सोबत भाच्यानं वाळक्या झिंग्यांची एक बाटली दिली होती. गेली दोन वर्षं हेच त्याचं जेवण, दिवा म्हणजे टेबलावरचा साधा बल्ब आणि ऊन म्हणाल तर खिडकीच्या काचेतून येईल तेवढं.

तिसऱ्या दिवशी पाणी बदलताना मी त्याला उचललं, तर कवचाची कड बोटाखाली दबली. पावसाळ्यात सादळलेला पापड जसा दबतो ना, तशी. कासवाचं कवच म्हणजे ढाल, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ती ढालच मऊ! मागच्या पायांनी तो चालत नव्हता, नुसता सरपटत होता. झिंगा पुढं धरला तर तोंड उघडायचा आणि पकडता न आल्यामुळे सोडून द्यायचा.

झालं! घरात सल्लागार मंडळ बसलं. सासूबाई म्हणाल्या, "हाडं कच्ची आहेत. विड्याचा चुना हरभऱ्याएवढा चाटवा. आमच्या वेळी पोरांना तेच द्यायचे." शेजारच्या काकू म्हणाल्या, "वाटीभर दूध ठेवा." मी चौकशीला एका दुकानात गेले, तर त्या माणसानं जीवनसत्त्वांच्या थेंबांची बाटली पुढं केली. "पाण्यात टाका दहा थेंब, रोज." आणि आमच्या ह्यांनी तर कपाटातून स्वतःची 'डी' जीवनसत्त्वाची पुडी काढलीसुद्धा! डॉक्टरांनी त्यांना आठवड्याला एक अशी दिलेली. "यातली चिमूटभर घाल गं त्याच्या पाण्यात. मला गुण आला, त्याला नाही येणार?"

पुडी मी त्यांच्या हातातून काढून घेतली. काही ठाऊक होतं म्हणून नव्हे. पण तान्ह्या बाळाला आपण मोठ्या माणसाचं औषध देत नाही, एवढी अक्कल प्रत्येक आईला असतेच. दुसऱ्या दिवशी कासवाला भोकं पाडलेल्या डब्यात ओल्या फडक्यावर ठेवलं आणि प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले. सगळेच प्राण्यांचे डॉक्टर कासवं तपासत नाहीत. आधी फोन करून विचारावं लागतं. दोघांनी नाही म्हटल्यावर तिसरे भेटले.

त्यांनी एक्स-रे काढला. हाडं नुसती पुसट सावलीसारखी दिसत होती. डॉक्टरांनी जे समजावून सांगितलं, ते आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते.

शरीराला रक्तात ठराविक कॅल्शियम लागतंच; त्याच्याशिवाय स्नायू हलत नाहीत, हृदय चालत नाही. आहारातून ते आलं नाही, की शरीर हाडांच्या कोठारातून उसनं काढतं. आपण नाही का, महिनाअखेरीला डब्यातले साठवलेले पैसे काढतो? पण काढतच राहिलं आणि भरलं नाही, तर डबा रिकामा होणारच. कासवाचं कवच म्हणजे कणे-फासळ्यांशी जोडलेलं हाडच असल्यामुळे पहिला परिणाम तिथं दिसतो.

आता हे आलं कशामुळं? तीन गोष्टींमुळं, आणि तिन्ही एकमेकींत गुंतलेल्या.

पहिली गोष्ट म्हणजे फॉस्फरस. नुसत्या कॅल्शियमचं माप पुरत नाही, जोडीचं फॉस्फरस किती तेही बघावं लागतं. कासवांच्या आहारात साधारण दोन भाग कॅल्शियमला एक भाग फॉस्फरस असावा. हाडाशिवायचं मटण, चिकनचा खिमा यांत हे प्रमाण अगदी उलटं असतं. म्हणून 'मांस खातो, ताकद येईल' हा समज खोटा. लहान मासा काट्यांसकट दिला, तर काट्यांतून कॅल्शियम मिळतं. काटे काढून लाडानं भरवला, तर नाही. आपण मुलांना माशाचे काटे काढून देतो, ती सवय इथं उपयोगी नाही.

दुसरी गोष्ट पालेभाजीची. पालक, चुका, अळू यांत कॅल्शियम असलं, तरी त्यांतलं ऑक्झॅलिक आम्ल त्याला बांधून ठेवतं आणि ते अंगी लागत नाही. (अळूच्या फतफत्यात आपण चिंच घालतो, ती घशाची खाज टाळायला; त्यानं कॅल्शियम सुटत नाही.) कधीमधी पान चाललं, रोज नको. त्यापेक्षा शेवग्याचा कोवळा पाला, जास्वंदीची पानं, लाल भोपळ्याचा कीस, गाजर हे बरं. लहानपणी हे कासव मांसाहारी जास्त असतं, मोठं होईल तसं पाल्यावर येतं.

तिसरी आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ऊन. पोटात कितीही कॅल्शियम घाला, ते आतड्यातून रक्तात जायला 'डी ३' लागतं, आणि ते कातडीत तयार होतं सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांच्या एका ठराविक पट्ट्यामुळे. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत! काचेतून ऊब येते, उजेड येतो, पण कामाचा तो भाग बाहेरच राहतो. साध्या बल्बमध्येही तो नसतो. म्हणजे दोन वर्षं हा जीव उजेडात होता, पण उन्हात नव्हता.

"मग मी ह्यांची पुडी घातली असती तर?" मी विचारलं. डॉक्टर क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी कागदावर हिशेब मांडला. मैत्रिणींनो, हा हिशेब तुम्हीही करून बघा. त्या पुडीत ६०,००० एकक डी जीवनसत्त्व असतं. मोठ्या माणसाची रोजची गरज आपल्याकडे ६०० एकक धरतात. म्हणजे एका पुडीत मोठ्या माणसाचा शंभर दिवसांचा शिधा! आणि आमच्या कासवाचं वजन भरलं २०० ग्रॅम. साठ किलोच्या माणसाच्या तीनशेवा हिस्सा. 'चिमूटभर' हे माप त्याच्यासाठी चिमूटभर नव्हेच.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार महत्त्वाची वाटली. उन्हातून डी जीवनसत्त्व जास्त होत नाही; गरजेपुरतं झालं, की त्याच उन्हानं पुढचं मोडून पडतं. निसर्गानं चुलीला आपोआप मंद होण्याची सोय करून ठेवलीय. पण तोंडावाटे दिलेल्या औषधाला अशी सोय नाही. ते चरबीत साठतं, रक्तात कॅल्शियम वाढत जातं, आणि मग ते हाडात न बसता मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत, हृदयात जाऊन बसतं. कमतरतेनं हाड मऊ, अतिरेकानं मऊ अवयव दगड! आणि सुरुवातीची लक्षणं बघाल, तर दोन्हींत साधारण सारखीच: खात नाही, मलूल राहतो. बघणाऱ्याला वाटतं औषध कमी पडतंय, आणि तो आणखी घालतो.

'ए' जीवनसत्त्वाचीही तीच कथा. ते कमी पडलं, तर पाणकासवांचे डोळे सुजतात, उघडत नाहीत. पण सुजलेला प्रत्येक डोळा त्यामुळेच असतो असं नाही. घाण पाण्यानंही सुजतो. आणि अंदाजानं 'ए' जास्त गेलं, तर कातडी सोलून निघते. गाजर, लाल भोपळा यांतून जे मिळतं, ते शरीर गरजेप्रमाणे वापरतं. बाटलीतलं तयार 'ए' मात्र तसं नसतं.

सल्लागार मंडळींचे बाकीचे उपायही डॉक्टरांनी निकालात काढले. विड्याचा चुना हा दाहक. इवल्या तोंडात फोड आणणारा. दूध तर कासव, साप, सरडा, पाल या सगळ्यांनाच वर्ज्य. सरपटणारे प्राणी पिलांना दूध पाजत नाहीत, मग ते पचवण्याची सोय तरी त्यांच्या पोटात कुठून असणार? नागपंचमीला नागापुढं वाटी ठेवताना हे लक्षात ठेवावं. सापाला तर वेगळं कॅल्शियमही सहसा लागत नाही. तो उंदीर हाडांसकट गिळतो, त्यात सगळं आलं. आणि पाण्यात टाकायचे थेंब? किती पोटात गेले, किती पाण्याबरोबर मोरीत गेले, कुणी मोजायचं? ज्याचं माप नाही, ते औषध नव्हे.

मग आमचा दिनक्रम बसला. सुरुवातीचं औषध डॉक्टरांनी वजनावर हिशेब करून स्वतः दिलं; त्यात मी बोट घातलं नाही. घरी मात्र पुढील गोष्टी केल्या:

वाळके झिंगे बंद केले. त्याऐवजी पाणकासवांसाठीचे चांगले तयार दाणे, आठवड्यातून दोनदा लहान मासा काट्यांसकट आणि रोज थोडा पाला. तयार दाण्यांत 'ए' आणि 'डी ३' आधीच घातलेलं असतं, म्हणून वर दुसरी जीवनसत्त्वाची भुकटी नाही. दोन डब्यांवरची अक्षरं शेजारी-शेजारी ठेवून वाचावीत. एकच गोष्ट दोन नावांनी दुप्पट जाते.

समुद्रफेसाचा एक तुकडा पाण्यात सोडला. पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावतात तोच. त्याची कडक पाठ सुरीनं काढून टाकायची. तो जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेटच असतो, डी जीवनसत्त्व त्यात नाही. त्यामुळे कासव आपल्या इच्छेनं कुरतडतं आणि अतिरेकाचं भय कमी. पाणकासव पाण्यातच खातं, म्हणून वरून भुरभुरवलेली पूड बहुतेक धुऊन जाते, हेही त्यातलं एक कारण.

सकाळचं तासभर ऊन आलं, की उथळ घमेल्यात थोडं पाणी, चढायला वीट आणि निम्म्या भागावर फळीची सावली. काचेची पेटी उन्हात कधीच ठेवायची नाही. ती भट्टीसारखी तापते आणि कासव आत शिजतं. शिवाय बाजूला बसून राहायचं. गॅलरीत कावळे येतात, मांजरं येतात.

पण पुण्याचा आषाढ-श्रावण! आठ-आठ दिवस सूर्यदर्शन नाही. म्हणून अतिनील किरणांचा खास दिवा घेतला आणि बसायच्या कोरड्या विटेवर, बनवणाऱ्यानं सांगितलेल्या अंतरावर, मध्ये काच न येऊ देता लावला. दिवा लागत असला, तरी त्याचे कामाचे किरण काही महिन्यांनी संपत येतात. म्हणून डब्यावरची मुदत बघून कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवली, जशी आपण गॅसच्या सिलिंडरची लिहितो.

कासवाचं वजन दर रविवारी वहीत. पहिले दोन महिने काही फरक दिसेना. सासूबाई रोज विचारायच्या, "लागलं का गं हाड?" दिवाळीच्या सुमाराला कवचाची कड बोटाला टणक लागली. मागचे पाय उचलून चालू लागला. पण वर वळलेली उजवी कड तशीच राहिली. ती आता सरळ होणार नाही. औषधानं पुढचं सावरतं, मागचं पुसत नाही.

मध्ये एक प्रसंग झाला, तो सांगायलाच हवा. खर्च आणि खटाटोप बघून हे एके संध्याकाळी म्हणाले, "सारसबागेच्या तळ्यात नाहीतर कात्रजच्या तलावात सोडून देऊ. पुण्यच लागेल." सारसबाग आमच्यापासून दोन पावलांवर. मलाही खरंच दमायला झालं होतं. घरात सासूबाई, लेक पहिल्या बाळंतपणाला यायची होती, त्यात हे. पण मी नाही म्हटलं. हे परदेशी कासव जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत आहे. तळ्यात सोडलं, की ते तगतं, वाढतं आणि आपल्या देशी कासवांचं खाणं आणि उन्हात बसायची जागा बळकावतं. एक जीव सोडल्याचं पुण्य घ्यायचं आणि तळ्यातल्या दहा जिवांचं काय? त्या रात्री आमचं थोडं वाजलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी निमूटपणे दिव्याची वायर नीट करून दिली.

लेकीच्या बाळंतपणाचं मात्र मी आधीपासून मनाशी धरलं होतं. कासवं दिसायला निरोगी असली, तरी त्यांच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असू शकतात; लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांना त्यांचा त्रास फार. याच कारणानं अमेरिकेत १९७५ सालापासून चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी आहे. म्हणून पेटी दिवाणखान्यातून मागच्या खोलीत नेली. पाणी ओतायचं ते संडासात, स्वयंपाकघराच्या मोरीत नाही. त्याचं घमेलं, घासणी वेगळी. हात साबणानं, प्रत्येक वेळी. नातवाला त्यानं लांबूनच पाहिलंय!

आणखी एक सावधगिरीची सूचना. कुणी पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं कासव 'घरात भरभराट होते' म्हणून देऊ केलं, तर घेऊ नका. तारांकित कासव आपल्या देशातलं. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल २०२३ पासून ते पहिल्या अनुसूचीत आहे. पाळणं हा गुन्हा असून शिक्षा तीन ते सात वर्षांची. कुणाकडे असलंच, तर घरगुती औषधोपचार करत न बसता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

डॉक्टरांकडून शेवटची तपासणी करून येताना आम्ही कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात उतरलो. तिथलं सर्पोद्यान १९८६ पासूनचं. (बुधवारी बंद असतं, बरं का.) मगरी तोंड उघडं टाकून उन्हात पडल्या होत्या. बघताना सासूबाई म्हणाल्या, "यांना कुणी गोळ्या देत नाही, तरी ठणठणीत. आणि आपण बघ, सकाळपासून चुलीशी, दुपारी आडव्या, ऊन दिसतंय कुठं?"

त्यांचं बोलणं मनात राहिलं. गेल्या वर्षी माझ्या रक्तातलं 'डी' कमी निघालं, तेव्हा मी गोळ्या आणल्या. पण आधी डॉक्टरांना विचारून, किती आठवडे हे लिहून घेऊन, आणि मुदत संपल्यावर थांबवून. पूर्वी घरात 'उरल्यात तर घेऊन टाक' चालायचं. आता सकाळच्या त्या तासाला आम्ही तिघंजण गॅलरीत असतो: सासूबाई खुर्चीवर, मी भाजी निवडत, आणि तो विटेवर मान ताणून.

तुमच्या घरी असा प्राणी असेल, तर आजच एक काम करा. त्याच्या औषधांसाठी वेगळा पत्र्याचा डबा करा आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहा: वजन किती, डॉक्टरांनी सांगितलेलं माप किती, कुठल्या वारी, आणि बाटली कधी उघडली. उघडलेल्या भुकटीतली जीवनसत्त्वं काही महिन्यांत उतरतात. मुदत टळलेली फेकून द्या. माणसांच्या गोळ्या त्या डब्यात नकोत आणि त्याच्या पुड्या आपल्या डब्यात नकोत. घरात सल्ले देणारे पुष्कळ असतात. डब्याची किल्ली मात्र एकीकडेच असावी.